सव्वीस इंच

उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर, तळवा जमिनीकडे, आणि मग तो हात सावकाश वर-खाली. जुन्या ड्रायव्हर लोकांची ही खूण तुम्हीही पाहिली असेल. गाडीचे इंडिकेटर कधी लागायचे, कधी नाही, त्या काळात मागच्याला 'हळू' सांगायला ड्रायव्हर खिडकीतून असा हात काढायचा. आमच्या रस्त्यावरचा हा माणूस पायी चालताना तसा हात काढायचा. गल्लीत वळायचं असलं की हात आडवा. थांबायचं असलं की पंजा उभा. पायात रबरी चपला, अंगात धुऊन धुऊन पांढरट झालेला खाकी शर्ट, डाव्या हातात भाजीची पिशवी, आणि उजव्या हाताने सगळ्या वाहतुकीला सूचना.

लोक हसायचे. मी हसायचो नाही, कारण मला त्या माणसाचा राग यायचा. आता सगळं होऊन गेल्यावर माणूस गोड बोलायला लागतो, तसं मी बोलणार नाही. मला ते आवडत नव्हते. त्यांच्याविषयी चांगलं लिहायला बसलोय असंही नाही. जे झालं ते लिहितोय.

बत्तीस वर्षं एसटीच्या लाल डब्यावर ड्रायव्हर, त्यातली बरीचशी बार्शीच्या गाडीवर. निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. सगळे त्यांना सिग्नलमामा म्हणायचे. मी तोंडावर मामा म्हणायचो, पाठीमागे म्हातारा. कुणी जोरात गाडी नेली की ते रस्त्याच्या कडेला उभे राहून ओरडायचे, "पोचायचं हाय न्हवं?" एवढंच. पुढे शिवी नाही, उपदेश नाही. गाडीवाला तोवर पुढच्या चौकात गेलेला असायचा. पण मामांना उत्तर नकोच असायचं.

आमचा रस्ता म्हणजे शहरातून होटगीच्या अंगाला जाणारा. पूर्वी साधा होता, मग रुंद झाला आणि मधोमध दुभाजक आला. त्यात कण्हेर लावली. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, एरवी टेम्पो, रिक्षा, आणि सगळ्यांच्या मधून घुसणाऱ्या मोटरसायकली. माझं त्या रस्त्यावर दुचाकीचं गॅरेज आणि स्पेअर पार्टचं दुकान आहे. दुभाजक झाला आणि पलीकडच्या बाजूचं गिऱ्हाईक तुटलं. माझ्याकडे यायचं तर चौकापर्यंत जाऊन वळून यायचं. दहा रुपयांच्या क्लच वायरसाठी कोण येतंय?

म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही दुकानासमोरचा दुभाजक फोडला. आम्ही म्हणजे आजूबाजूचे चार दुकानदार. पण पहार माझी होती. साडेचार फुटांची वाट झाली. आम्ही तिला कट म्हणायचो. तुमच्याही रस्त्यावर असे कट असतील आणि ते कुणी केले हे कुणालाच माहीत नसेल.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आले.

"मालक, ह्यो कट कुनी फोडला?"

"लोकांनी फोडला, मामा. लोकांची गैरसोय होत होती."

त्यांनी कोपऱ्यात उभी केलेली माझी पहार बघितली. तिच्या टोकाला अजून सिमेंट चिकटलेलं होतं. "लोकांची पहार तुमच्याकडं ठिवायला दिली व्हय?" म्हणाले आणि गेले. शेजारचा पानवाला दिवसभर ते वाक्य येईल त्याला सांगत होता. राग तिथून सुरू झाला.

त्यानंतर मामा रोज सकाळी शाळेच्या वेळेला त्या कटमध्ये उभे राहायला लागले. मधोमध. मोटरसायकल वळायला आली की उभा पंजा. पायी माणूस आला की बाजूला सरकून त्याला वाट, आणि आडवा हात करून पलीकडच्या गाड्यांना थांबायची खूण. शाळेच्या मुली सायकली ढकलत त्यांच्या हाताखालून जायच्या. मोटरसायकलवाले हॉर्न मारायचे, शिव्या द्यायचे. कुणीतरी त्यांचं रील केलं, त्यावर सिनेमाचं गाणं टाकलं. ते हजारो लोकांनी पाहिलं म्हणे. मामांना कुणी मोबाइलवर ते दाखवलं तर त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मागनं टेम्पो किती जोरात गेला बग की."

माझ्याकडे तेव्हा मोठ्या आवाजाचे हॉर्न चांगले खपायचे. हेल्मेटं दारावर टांगलेली असायची, त्यांच्यावर धूळ बसायची. एकदा एक गिऱ्हाईक हॉर्न निवडत होतं आणि मामा माझ्याच दारात उभं राहून त्याला सांगतात, "हॉर्न नगं घिऊ. ब्रेक बगून घे. हॉर्न दुसऱ्याला पळवतंय, ब्रेक आपल्याला थांबवतंय." गिऱ्हाईक हसून निघून गेलं, हॉर्न न घेता. मी त्या दिवशी मामांना 'इथून चालते व्हा' म्हणालो. वयाने माझ्या वडिलांएवढा माणूस. त्यांनी उजवा हात आडवा केला, वळले आणि गेले.

त्यांच्याविरुद्ध बोलायला आम्हाला आणखी एक कारण होतं, आणि ते म्हणजे मामी. मामींचे गुडघे गेलेले. पलीकडे मारुतीचं देऊळ, गिरणी, दवाखाना. घराच्या दारातून देवळाचा झेंडा दिसायचा. पण मामा त्यांना कटमधून जाऊ द्यायचे नाहीत. चौकापर्यंत चालत नेऊन, तिथून ओलांडून, पुन्हा तेवढंच मागे आणायचे. देवळापाशी आले की म्हणायचे, "पोचलो." प्रत्येक खेपेला, मोठ्याने, जणू मागे पन्नास प्रवासी बसलेत.

"पोचलो म्हनं," मामी पायरीवर बसून गुडघे दाबत म्हणायच्या. "समोर माजं दार दिसतंय. मारुतीला बी हसू यील की ओ."

कॉलनीतल्या बायका चिडायच्या. मलाही मामींची दया यायची. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं. खरं तर मामांना नावं ठेवायला ती दया कामाला येत होती.

मग मी महापालिकेत अर्ज केला. 'नागरिकांच्या व विशेषतः वृद्धांच्या सोयीसाठी सदर कट कायम ठेवण्यात यावा.' मजकूर मीच लिहिला आणि घरोघर फिरून सह्या घेतल्या. मामा बाजारात गेलेले पाहून त्यांच्याही दारात गेलो. 'वृद्धांच्या सोयीसाठी' हे मामींना वाचून दाखवलं आणि म्हणालो, वृद्ध म्हणजे तुम्हीच. त्यांनी चष्मा लावला, पूर्ण नाव लिहून सही केली आणि मला गुळाचा चहा दिला. मी इतका खूश होतो की येताना पानवाल्याला आधी ती सही दाखवली, मग बाकीची यादी.

दोन दिवसांनी मामा दुकानात आले. मी भांडणाची तयारी करून उभा होतो. पण ते येऊन स्टुलावर बसले.

"सही हिचीच हाय," म्हणाले. "मी इचारलं. व्हय म्हनली."

मी हातातला पाना पुसत राहिलो.

"खरं हाय तिचं. लई चालवलं मी तिला. मानसाला कट पायजेच." त्यांनी दारात लावलेल्या गाड्यांकडे बघितलं. "मालक, एक सांगा. मोटरसायकलचं हॅंडल किती रुंद आस्तंय?"

आता ही माझी खोड समजा. गाडीविषयी कुणी काही विचारलं की मला राहवत नाही. रागावलेलो असलो तरी नाही. मी टेप काढला. मोटरसायकल तीस इंच, ती दुसरी अठ्ठावीसच्या वर. स्कूटीला आरशांसकट धरलं तर तीही तेवढीच. मामा म्हणाले, सायकल? पानवाल्याची सायकल उभी होती, ती मोजली. चोवीस भरली. मामांनी खिशातून पेन काढून सगळे आकडे तळहातावर लिहून घेतले. मी वर त्यांना हेही सांगितलं की स्कूटी वाकडी करून सव्वीसमधून काढता येईल, पण थांबून, पाय टेकून काढावी लागेल.

"थांबून ना?" मामा म्हणाले. "मग झालं."

पुढचे पाच-सहा महिने ते तो तळहात कागदावर उतरवून महापालिकेच्या ऑफिसात जात राहिले. मला वाटलं, जातील आणि थकतील. मग एके दिवशी एक छोटा टेम्पो आला, चार माणसं उतरली आणि त्यांनी माझ्या कटच्या बरोबर मध्ये लोखंडी पाईप बसवला. जमिनीत एक मोठी नळी पुरली, तिच्यात पाईप उभा केला आणि आरपार एक लांब बोल्ट घालून नटाने आवळला. कधी रुग्णवाहिकेला वाट लागली तर काढता यावा म्हणून. पाईपला काळे-पिवळे पट्टे मारले. मी टेप घेऊन गेलो. दोन्ही बाजूंना साधारण सव्वीस-सव्वीस इंच.

माणूस जाईल. सायकल जाईल. मोटरसायकल जाणार नाही. आणि मापं मी दिली होती, स्वतःच्या तोंडाने, वर सल्ल्यासकट. पानवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही.

खरं सांगायचं तर त्या पाईपमुळे रस्ता सुधारला. शाळेच्या मुली निवांत जायला लागल्या. मामांना कटमध्ये उभं राहायची गरज उरली नाही. आणि मामी एकट्या देवळात जायला लागल्या. अर्धा रस्ता ओलांडून पाईपपाशी यायच्या, दोन्ही हातांनी तो धरायच्या, गुडघ्यांना विसावा द्यायच्या, पलीकडच्या गाड्या बघायच्या आणि मग पुढे. त्या पाईपचा वरचा पट्टा त्यांच्या हाताने घासून फिका झाला होता. मामा दारात उभे राहून बघायचे, आणि मामी देवळाच्या पायरीला पोचल्या की तिकडून हात वर करायच्या. मग मामा आत जायचे.

हे मला दुकानातून रोज दिसायचं. आणि माझं गिऱ्हाईक पलीकडच्या बाजूला नव्याने निघालेल्या गॅरेजात जाताना दिसायचं. चांगलं चाललंय हे कळत होतं, त्याचाच जास्त राग यायचा. तुम्हाला असा राग कधी आला असेल तर कळेल. समोरचा चुकीचा असता तर मी मोकळा झालो असतो.

एकदा भर रस्त्यात मी त्यांना बोललो. "मामा, बत्तीस वर्षं लोक तुमच्या हातावर थांबले, निघाले. आता कुणी विचारत नाही, म्हणून रस्ता अडवून बसलाय. दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

मामा एवढंच म्हणाले, "तुमास्नी बी पोचायचं हाय न्हवं, मालक?" त्यांचा हात मात्र त्या वेळी खालीच होता.

त्याच आठवड्यात माझं एक जुनं गिऱ्हाईक, दूध घालणारा एक माणूस, फोनवर म्हणाला, "ब्रेक लायनर गेलेत, पण तुमच्याकडं यायला वळसा पडतोय. बघतो इकडंच कुठं." मी म्हणालो, "उद्या सकाळी ये. सरळ येता येईल."

दुपारी तीनला, रस्ता उन्हाने ओस पडलेला असताना, मी एकोणीसचा पाना घेऊन कटमध्ये गेलो. नट सहज फिरला. बोल्ट काढला, पाईप उपसला आणि दुभाजकात कण्हेरीच्या बुंध्याशी आडवा टाकला. दोन-चार दिवस, एवढंच माझ्या मनात होतं. कुणी ओरडलं तर परत बसेल. तीन मिनिटांचं काम. हात स्वच्छ पुसून मी दुकानात येऊन बसलो.

सकाळी मी शटर वर करत होतो. मामी नेहमीसारख्या निघाल्या. अर्धा रस्ता ओलांडून कटपाशी आल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. सवयीने, खाली बघतच. हात हवेत राहिले. तोल सावरायला त्या एक पाऊल पुढे गेल्या. त्याच वेळी दूधवाला पलीकडून वळून कटमध्ये शिरला. सरळ येता येईल, असं मीच त्याला सांगितलं होतं. त्याने ब्रेक दाबला असणार. ब्रेकसाठीच तर तो माझ्याकडे येत होता.

कॅन आडवे झाले. दूध रस्त्यावरून माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आलं. दूधवाला मामींच्या शेजारी बसून लहान मुलासारखा रडत होता. मामा चपला न घालता धावत आले, पण खाली वाकले नाहीत. आधी मामींच्या पुढे उभे राहिले, उजवा पंजा उभा केला आणि दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली. ट्रॅक्टर, टेम्पो, सगळं. कुणी हॉर्न मारला नाही. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "कुटं लागलंय, सांग." मी रिक्षा आणली. एवढं मात्र मी केलं.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, पण मामी पुन्हा आपल्या पायांवर उभ्या राहिल्या नाहीत.

दहा-बारा दिवसांनी मामा दुकानात आले. दाढी वाढलेली. खाकी शर्टाच्या खिशातून त्यांनी तो बोल्ट काढला आणि काउंटरवर ठेवला.

"पाईप कुनी काडला, म्हाईत हाय का मालक?"

"नाही," मी म्हणालो. "पोरंटोरं असतील. भंगारवाले असतील."

"आसतील," ते म्हणाले. "ठिवा ह्यो. लागंल तुमाला."

ते गेल्यावर मी बोल्ट हातात घेतला. त्यात वायसर घातलेलं होतं आणि त्यावर नट दोन आटे बसवलेला होता. मीच तसं केलं होतं. त्या दुपारी काढल्याबरोबर वायसर घालून, नट फिरवून, बोल्ट दुभाजकाच्या कडेवर नीट ठेवला होता. मिस्त्रीचा हात आपोआप तसं करतो, काढलेला नट बोल्टलाच परत लावतो, म्हणजे हरवत नाही. पोरांनी तो फेकून दिला असता. भंगारवाल्याने पाईपच नेला असता. मामांनी बत्तीस वर्षं डेपोतले मिस्त्री बघितले होते.

त्यांनी आरडाओरडा केला असता, पोलिसांत गेले असते, कॉलर धरली असती, तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांनी विचारलं आणि मी खोटं बोललो. दुसरी संधी त्यांनी दिली नाही. मला वाटतं, तो त्यांचाही राग होता, आणि माझ्या रागापेक्षा मोठा होता.

महिन्याभरात ते घर बंद करून बार्शीला मुलीकडे निघाले. मोठी गाडी आली. मामींना मागच्या सीटवर आडवं झोपवलं होतं, डोकं मामांच्या मांडीवर. कॉलनीतले सगळे निरोपाला उभे होते. मी दुकानातून बाहेर आलो नाही. गाडी माझ्या समोरून गेली, आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीतून तो हात बाहेर आला. सरळ, तळवा खाली, सावकाश वर-खाली. कॉलनीच्या बायका म्हणाल्या, मामा टाटा करतायत.

दुसऱ्या दिवशी मी गडबडीच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, पाईप कण्हेरीतून काढला. नळीत साचलेली माती खरवडली, पाईप उभा केला, दोन्ही बाजूंना सव्वीस इंच मोजले, तोच बोल्ट घातला, वायसर, नट. पानवाला म्हणाला, "वेड लागलं का? आपलंच गिऱ्हाईक जातंय." शेजारचे दुकानदार त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हातारा गेला आणि ह्याच्या अंगात शिरला, असं म्हणतात. म्हणू देत. मी त्यांना सांगून टाकलं की तो पाईप मी काढला होता. तेव्हापासून उरलंसुरलं बोलणंही बंद झालं.

मामांना सांगायला मी फोन केला. वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

"मामा, तो पाईप..."

"बसवला का?"

"बसवला. पण मामा, तो मीच—"

"टाइट केला का?"

"केला."

"बरं," म्हणाले. मागून मामींचा आवाज येत होता, कुणाचा फोन म्हणून विचारत होत्या. मामांनी त्यांना काय सांगितलं ते कळलं नाही. फोन बंद झाला. नंतर मी दोनदा लावला, त्यांनी उचलला नाही.

दर महिन्याला मी तो नट आवळून येतो. वाहतुकीने हादरून सैल होतो. परवा तसाच वाकून बसलो होतो, तर मागे एक मोटरसायकल येऊन थांबली आणि हॉर्न मारायला लागली. मीच बसवून दिलेला हॉर्न होता, आवाज ओळखीचा. "ओ शेठ, सरका की!" मी मागे बघितलं नाही. एका हातात पाना होता. दुसरा हात सरळ बाहेर काढला, तळवा खाली, आणि नट पूर्ण बसेपर्यंत तसाच धरून ठेवला.